खिडकी फुटते, छप्पर जाते

तंजावर शहरातून समुद्र दिसत नाही. बृहदीश्वराच्या शिखराभोवती नजर जाईल तिथवर भात, केळी, उसाचे तुकडे आणि कावेरीचे कालवे. महाराष्ट्रातल्या माणसाला तंजावर म्हटले की व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महालातली हस्तलिखिते आठवतात, सोन्याचा वर्ख लावलेली चित्रे आठवतात. चक्रीवादळ आठवत नाही. पण तंजावर जिल्ह्याचा नकाशा दक्षिणेकडे सरकत थेट पाल्कच्या सामुद्रधुनीला टेकतो. अदिरामपट्टिणम, मल्लिपट्टिणम, सेतुबावाछत्रम ही त्या किनाऱ्यावरची गावे. मल्लिपट्टिणमजवळ दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४-१५च्या सुमारास उभारलेला आठ मजली, षटकोनी मनोरा आजही आहे. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाचे ते स्मारक. भोसले घराण्यातल्या राजाने तमिळ किनाऱ्यावर फ्रेंच बादशहाच्या पराभवाची आठवण बांधावी, हा इतिहासाचा विनोद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते: तंजावरच्या राज्याचे एक टोक वादळाच्या वाटेवर होते आणि जिल्ह्याचे आजही आहे.

१५ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती वाट पुन्हा चालू झाली. ‘गज’ नावाचे चक्रीवादळ १६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्यामध्ये किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या घरात होता आणि मधले झोत त्याहून जोरदार होते. किनाऱ्यावरच्या ८० हजारांहून अधिक लोकांना आधीच छावण्यांत हलवले होते, तरी ६०हून अधिक माणसे दगावली. लाखाहून जास्त विजेचे खांब आडवे झाले. पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू या तंजावर जिल्ह्यातल्या तालुक्यांत नारळाच्या बागाच्या बागा झोपल्या. माड वाढवायला लागणारी वर्षे लक्षात घेतली तर अनेक कुटुंबांची एका पिढीची कमाई त्या दोन-तीन तासांत गेली.

त्या नुकसानीत खिडक्यांचा हिशेब कोणी वेगळा मांडला नाही. पडलेले माड मोजता येतात, वाकलेले खांब मोजता येतात. फुटलेल्या तावदानाचे तुकडे मात्र दुसऱ्या दिवशी केरात जातात. तरीही वादळातल्या घराची गोष्ट पुष्कळदा खिडकीपासूनच सुरू होते.

हा किनारा वादळांना नवा नाही. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी नागपट्टिणमला मोठे वादळ धडकले. तीन वर्षांनी, १ डिसेंबर १९५५ला, तंजावरच्याच किनाऱ्यावरच्या राजमडमजवळ दुसरे. नोव्हेंबर १९७७मध्ये पुन्हा नागपट्टिणम, आणि त्या वेळी वारा आत तिरुचिरापल्लीपर्यंत घुसला. नोव्हेंबर २००८च्या ‘निशा’ वादळाने वाऱ्यापेक्षा पावसाने थैमान घातले. ओरत्तनाडूला चोवीस तासांत सुमारे ६६ सेंटिमीटर पाऊस कोसळला. ओरत्तनाडू म्हणजे जिथे सरफोजीराजांनी छत्र, म्हणजे यात्रेकरूंसाठी अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधले ते गाव. या तारखांकडे पाहिले तर दिसते की सगळी वादळे आश्विन-कार्तिक-मार्गशीर्षातली आहेत. कोकणातला माणूस वादळाला मे-जूनमध्ये भितो. तंजावरचा माणूस दिवाळीचा फराळ संपत आला की आभाळाकडे पाहू लागतो. तिथला मुख्य पाऊसच ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, आणि वादळेही त्याच्याच सोबतीने येतात.

वारा खिडकीवर किती जोर लावतो, हे कळायला एक छोटे सूत्र पुरते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ८७५ या संहितेच्या तिसऱ्या भागात ते दिले आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे दर चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो वजनाइतका भरतो. वेग दुप्पट करून १२० केला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो: ६८ किलो. चार फूट बाय पाच फुटांची साधी खिडकी घेतली तर तिच्यावर सव्वाशे किलोच्या आसपास भार आला. ताशी १४० किलोमीटरचा झोत आला तर तोच भार पावणेदोनशे किलोच्या जवळ जातो. हा भार पोत्यासारखा शांत पडून राहत नाही. तो येतो, सुटतो, पुन्हा येतो, रात्रभर. बातम्यांत सांगितला जाणारा वेग काही मिनिटांची सरासरी असतो. काचेला मात्र तीन सेकंदांच्या एका झोताचाही भार सोसावा लागतो.

म्हणून संहितेतले मूळ वेग झोतांचे असतात. तिच्या तक्त्यात पुणे सेकंदाला ३९ मीटर, मुंबई ४४, तिरुचिरापल्ली ४७ आणि चेन्नई ५० असे आकडे आहेत. सेकंदाला ५० मीटर म्हणजे ताशी १८० किलोमीटर. त्या वेगाला आपल्या चार बाय पाचच्या खिडकीवर पावणेतीनशे किलो येतात. इमारतीचा सांगाडा आखणारा अभियंता हे आकडे बघतो. खिडकी बसवणारा बहुधा बघत नाही, आणि घरमालक तर रंग कुठला आणि मच्छरदाणीची जाळी बसेल का, एवढेच विचारतो.

पण काच फुटली तर फुटली, दुसरी बसवू, असे म्हणून का चालत नाही? याचे उत्तर १९७४च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराने दिले. २५ डिसेंबरच्या पहाटे ‘ट्रेसी’ वादळ त्या शहरावरून गेले. विमानतळावरच्या वाऱ्याच्या यंत्राने ताशी २१७ किलोमीटरची नोंद केली आणि मग यंत्रच मोडले. शहरातली बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. तीस हजारांहून अधिक लोकांना शहराबाहेर न्यावे लागले. जॉर्ज वॉकर या अभियंत्याने त्या पडझडीचा अभ्यास केला, तेव्हा दोन कारणे ठळक दिसली. एक, छपराचे पत्रे स्क्रूच्या डोक्याभोवती सतत फडफडून थकले आणि फाटून निघाले. दुसरे, उडत आलेल्या सामानाने खिडक्या फुटल्या, वारा आत भरला आणि छपराला आतून वर ढकलले. घरे आखताना आतल्या दाबाचा विचार जवळजवळ झालाच नव्हता. खिडक्या शाबूत राहणार, असे धरून चालले होते.

आयएस ८७५मध्ये हा आतला दाब आकड्यांत मांडला आहे. घराच्या भिंतींत उघडा भाग पाच टक्क्यांहून कमी असेल तर आतला दाब वाऱ्याच्या दाबाच्या ०.२ पट धरायचा, पाच ते वीस टक्क्यांत असेल तर ०.५ पट, आणि वीस टक्क्यांच्या वर गेला तर ०.७ पट. म्हणजे वाऱ्याच्या तोंडची मोठी खिडकी गेली की आतला दाब तिपटीहून अधिक होऊ शकतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात हा फरक छपराच्या दर चौरस मीटरला ३४ किलोंचा होतो, आणि छपरावरून वाहणारा वारा बाहेरून वर ओढत असतो तो वेगळाच. पत्र्याच्या छपराचे वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. छत्री उलटी व्हावी तसे ते जाते, फक्त छत्रीला दांडा धरणारा हात असतो. मंगळुरी कौले पत्र्यापेक्षा जड, पण तीही नुसती एकमेकांवर टेकलेली; कडेची चार उचकटली की बाकीची ओळीने निघतात. काँक्रीटचा स्लॅब मात्र जागचा हलत नाही, कारण त्याचे वजन चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या आसपास असते. स्लॅबच्या घरात राहणाऱ्याला त्यामुळे वाटते की खिडकीचे काय एवढे! त्याचे छप्पर वाचते हे खरे. काचेचे सुरे, भिजलेले विजेचे बोर्ड, कपाटातले कागद आणि अंधारात अनवाणी चालणारी माणसे यांना स्लॅबचा उपयोग नसतो.

खिडकी नुसत्या वाऱ्याने क्वचित फुटते. ती वाऱ्याने आणलेल्या वस्तूने फुटते. अमेरिकेत २४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ वादळाने दक्षिण फ्लोरिडाची वाताहत केली, तेव्हा हेच पुन्हा दिसले. तिथल्या मायामी-डेड परगण्याने मग एक परीक्षा ठरवली, जी ऐकायला रानटी वाटते. चार किलोंची लाकडी फळी तोफेसारख्या नळीतून ताशी ५५ किलोमीटर वेगाने खिडकीवर मारायची. काचेला तडे गेले तरी चालतील, पण आरपार भोक पडता कामा नये. त्यानंतर त्याच तडकलेल्या खिडकीवर दाबाचे हजारो हेलकावे द्यायचे; कारण वादळ एक फळी मारून थांबत नाही. १९९४पासून तिथे नव्या घराच्या खिडकीला ही परीक्षा पास करावी लागते, नाहीतर वर झडप लावावी लागते.

पट्टुकोट्टैकडे फळी मारायला तोफ लागत नाही. तिथे माड आहेत. असोला नारळ सहज दीड किलोचा भरतो, आणि झावळी चार-पाच मीटर लांब, देठाकडे सोट्यासारखी जाड. त्यात शेजारच्या गोठ्याचे पत्रे, टाकीचे झाकण, कुंड्या, दुकानाची पाटी, गच्चीवर ठेवलेल्या विटा मिळवा. घराच्या खिडकीसाठी पहिले काम खिडकीपाशी नसून गच्चीवर आणि अंगणात असते. ते फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही.

तंजावरच्या जुन्या गल्ल्यांतली घरे पाहिली तर खिडकी कशी वाचवायची या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आधीच दिलेले दिसते. ही घरे एकमेकांना भिंत लावून उभी, रुंदीला कमी आणि खोल. बाहेर ओटा, ज्याला तिथे तिण्णै म्हणतात, आत खांबांचा चौक, त्याच्या चारी बाजूंनी पडव्या. सामाईक भिंतींमुळे वाऱ्याला बाजूने तोंडच नाही. मार खायचा तो ओळीच्या टोकाच्या घरांनी. रस्त्याकडच्या खिडक्या लहान, आत उभे लोखंडी गज आणि सागवानी झडपा, आतून अडसर. तावदानाची काच नाहीच. झडप लावली की घर बंद. असे घर वादळासाठी बांधले होते असे कोणी म्हणू नये. ते उन्हासाठी आणि चोरांसाठी बांधले होते. आणि त्यात चौक उघडा, म्हणजे छपराच्या मधोमध मोठे भोक. पण खिडकीपुरते बोलायचे तर जाड लाकडाची, मजबूत बिजागरीची, आतून आडवा अडसर घातलेली झडप ही आजच्या बाजारातल्या अनेक वस्तूंपेक्षा सरस आहे.

मग अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. उजेड भरपूर, जागा अडत नाही, रंगाची कटकट नाही. वादळात मात्र या खिडकीचे तीन दोष एकदम उघडे पडतात. चार-पाच मिलिमीटरची साधी काच फुटली की तिचे लांब टोकदार तुकडे होतात. वाऱ्याने चौकट वाकली की सरकता पल्ला रुळातून निसटतो, काच शाबूत असतानाही पल्लाच आत येऊन पडतो. आणि तिसरा दोष पाण्याचा. खालच्या रुळात साचलेले पाणी बाहेर जावे म्हणून बारीक भोके ठेवलेली असतात आणि रुळाची आतली कड दोन-तीन सेंटिमीटर उंच असते. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब पाण्याला जवळजवळ सात सेंटिमीटर वर उचलू शकतो. म्हणजे ज्या भोकांतून पाणी बाहेर जायचे त्यातूनच ते आत येते आणि कडेवरून खोलीत सांडते. ‘खिडकी बंद होती, तरी खोलीत पाणी’ हे कोडे एवढेच आहे. रुळाखाली फडके कोंबून ते सुटत नाही. बाहेरून काहीतरी आडवे असेल तरच सुटते.

काच बदलायची असेल तर दुकानदार दोन नावे सांगेल. टफन्ड काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट दणकट, आणि फुटली तर बारीक गोटेरी तुकडे होतात. मोटारीच्या बाजूच्या काचेसारखी. अंगाला कापत नाही, पण फुटल्यावर चौकट रिकामी होते आणि वारा आत येतो. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचांमध्ये चिकट प्लास्टिकचा पडदा. ती तडकते, पण जागेवर लटकून राहते. छप्पर वाचवायचे असेल तर दुसरी हवी. अर्थात चौकट भिंतीत नीट बसलेली नसेल, चार स्क्रूंवर आणि सिलिकॉनच्या पट्टीवर उभी असेल, तर महागडी काच चौकटीसकट घरात येते.

इथे दोन जुन्या सवयींचा निकाल लावायला हवा. पहिली, काचेवर फुलीच्या आकारात चिकटपट्टी लावण्याची. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांत फळ्या नसतील तर कागदाच्या पट्ट्या चिकटवा असे आहे, पण ती सूचना तुकडे उडू नयेत एवढ्यापुरती आहे. काच त्याने वाचत नाही. पट्टीने काच मजबूत होते ही समजूत मात्र पक्की बसली आहे. अमेरिकेत तर पट्ट्या लावू नका, असे लोकांना मोहीम काढून सांगावे लागले, कारण पट्टीने तुकडे एकत्र राहून मोठी, जड, धारदार पाती तयार होते आणि पट्टी लावून माणूस निर्धास्त झोपतो. यातला दुसरा धोका मोठा.

दुसरी सवय म्हणजे दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवण्याची. वाऱ्याच्या तोंडची खिडकी उघडणे म्हणजे वादळाचे काम आपणच करून देणे. आपल्याकडच्या सरकारी सूचनांत वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचे एखादे दार किंवा खिडकी उघडता येईल अशी ठेवा, असे सांगतात, आणि त्याला आधार आहे: आडोशाच्या बाजूला उघड असली तर आतला दाब उतरतो, छप्पर वर ढकलले जाण्याऐवजी खाली ओढले जाते. अडचण एवढीच की आडोसा कायम राहत नाही. बंगालच्या उपसागरातली वादळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ पूर्वेकडून येऊन पश्चिमेला जात असेल, तर केंद्राच्या उत्तरेकडच्या गावात वारा आधी ईशान्येचा, मग पूर्वेचा, मग आग्नेयेचा होतो. दक्षिणेकडच्या गावात वायव्येकडून पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला सरकतो. आणि केंद्र, म्हणजे वादळाचा डोळाच, गावावरून गेला तर मध्ये शांतता, आणि नंतर उलट्या दिशेने वारा. ज्या खिडकीला तासापूर्वी आडोसा होता तीच आता तोंडावर. अंधारात, वीज नसताना, कोणती खिडकी कधी उघडायची आणि कधी मिटायची याचा हिशेब ठेवणारा माणूस विरळा. त्यापेक्षा सगळ्या बाजू बंद बऱ्या.

बंद कशाने, तर साध्या घराला अजूनही प्लायवुडच. प्लायचे दुकान कोणत्याही तालुक्याच्या गावी आहे. तिथे दोन प्रकार मिळतात: आयएस ३०३चा साधा, ज्याला दुकानदार एमआर म्हणतो, आणि आयएस ७१०चा मरीन, पाण्यात उकळला तरी न सुटणारा. रात्रभरच्या पावसात पहिल्याचे थर सुटू शकतात. जाडी लहान खिडकीला १२ मिलिमीटर, मोठीला १८. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि हार्डबोर्ड यांना हातच लावू नये. भिजलेला पार्टिकल बोर्ड हाताने मोडतो.

फळी खिडकीपेक्षा चारी बाजूंनी वीतभर नाही तरी चार बोटे मोठी हवी, म्हणजे ती भिंतीवर टेकते. काचेच्या मापाची फळी चौकटीत ठोकली तर सगळा भार चौकटीवरच जातो, आणि चौकट हीच तर कमजोर. भिंतीत फूट-फूट अंतरावर अँकर बोल्ट आधीच बसवून ठेवायचे, फळीला त्याच मापाची भोके पाडायची. प्लास्टरमध्ये ठोकलेले खिळे वाऱ्याच्या ओढीने सुळकन निघतात. पकड विटेत किंवा काँक्रीटमध्ये हवी. वारा खिडकी नुसती ढकलत नाही, घराच्या आडोशाच्या बाजूला तो तिला बाहेर ओढतो, हे सुतारालाही सांगावे लागते. बाहेरून ग्रिल असेल तर काम सोपे: ग्रिलला लोखंडी हूक अडकवून फळी आवळता येते. नुसती बाइंडिंग वायर गुंडाळणे म्हणजे रात्री कधीतरी ती सैल होणार. ग्रिल स्वतः भिंतीत किती खोल गेले आहे हेही एकदा हाताने हलवून पाहावे; समुद्राजवळ त्याचे पाय गंजून कागदासारखे झालेले सापडतात.

प्रत्येक फळीवर खडूने नव्हे, रंगाने लिहायचे: स्वयंपाकघर पूर्व, वरची खोली दक्षिण, वरची बाजू कुठली. हे ऐकायला बाळबोध आहे. पण सारख्या दिसणाऱ्या आठ फळ्या आणि किंचित वेगवेगळी आठ भोके यांची जुळणी पावसाच्या सरीत करणाऱ्याला हे बाळबोध वाटत नाही. आणि एक दार आतून उघडता येईल असे ठेवायचे. आपल्या खिडक्यांना गज असतात, म्हणजे बाहेर पडायला दारच. त्यावरही फळी ठोकली तर घराची पेटी होते.

खिडक्यांवर भर देताना विसरली जाणारी भोके: स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याचे, न्हाणीघराच्या वरच्या झरोक्याचे, विंडो एसी काढून टाकल्यावर पुठ्ठ्याने झाकलेले. आणि दुकानाचे शटर. रोलिंग शटर दणकट दिसते, पण वाऱ्याने पट्ट्या पोटासारख्या फुगतात आणि कडेच्या खाचेतून सुटतात. आतून एक-दोन उभे पाइप जमिनीत रोवून टेकवले तर ते तगते.

हे सगळे कधी करायचे, यावर ‘गज’ वादळाचा प्रवास बोलका आहे. हवामान खात्याचे सुरुवातीचे अंदाज ते कडलूर आणि श्रीहरिकोटाच्या दरम्यान, म्हणजे चेन्नईच्या बाजूला, येईल असे होते. मग वादळ वळले, अंदाज कडलूर ते पांबन असा दक्षिणेला सरकला, आणि अखेर ते वेदारण्यमपाशी आले. यात अंदाजाची चूक शोधण्यात अर्थ नाही. समुद्रावर रेंगाळणारी वादळे अशीच असतात. पण ‘आपल्या गावाचे नाव येऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती काय उरते ते पाहा. खात्याची चक्रीवादळाची सूचना साधारण ४८ तास आधी येते, इशारा २४ तास आधी. त्या चोवीस तासांत सुतार स्वतःच्या घराला फळ्या मारत असतो, प्लायच्या दुकानात रांग असते आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणजे ड्रिलही चालेल की नाही याची खात्री नाही. बोल्ट आणि भोके भाद्रपदात झाली असतील तर फळ्या चढवायला दोन माणसांना अर्धा दिवस पुरतो. कोकणात हेच काम एप्रिलमध्ये पडते. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला भरदुपारी आले, तेव्हा लोक करोनाच्या टाळेबंदीतून बाहेर पडत होते आणि हार्डवेअरची दुकाने नुकती उघडत होती. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर पडवीच्या वाऱ्याकडच्या बाजूला झावळ्यांचे विणलेले झाप बांधायची रीत आहेच; ते झडीचा पाऊस अडवतात. उडता पत्रा अडवणे त्यांचे काम नाही.

आणि ज्यांच्या घराला काचच नाही त्यांचे काय? ‘गज’मध्ये पडलेल्या किंवा उघड्या झालेल्या घरांत गवताने आणि झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्यांची संख्या फार मोठी होती. त्यांना प्लाय आणि अँकर बोल्ट सांगणे ही थट्टा आहे. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही आणि ज्या छपराला वारा खालूनच उचलतो त्याला खिडकी बंद असून फरक पडत नाही. त्यांच्यासाठी एकच उपाय आहे: वेळेवर पक्क्या इमारतीत जाणे. ती इमारत बहुधा गावची शाळा असते.

म्हणून सगळ्यात आधी पाहायला हव्यात त्या शाळेच्या खिडक्या. आयएस ८७५ची २०१५ची आवृत्ती चक्रीवादळाच्या किनारपट्टीत, समुद्रापासून सुमारे ६० किलोमीटरच्या पट्ट्यात, निवारे, रुग्णालये आणि शाळा यांना वाऱ्याचा वेग १.३ पट धरायला सांगते. वेग १.३ पट म्हणजे दाब जवळजवळ १.७ पट. सामान्य घराला १.० धरले तरी चालते. पट्टुकोट्टै आणि अदिरामपट्टिणम या पट्ट्यात सरळ येतात. आवृत्ती २०१५ची, त्यापूर्वी बांधलेल्या शाळा तिला अनुसरून असण्याचे कारण नाही. तिथल्या वर्गाची मोडकी झडप, गंजलेली कडी, उन्हाळ्यात चेंडूने फुटलेले आणि पुठ्ठा लावून ठेवलेले तावदान यांची दुरुस्ती मुख्याध्यापकाच्या किरकोळ खर्चात बसते की जिल्हा प्रशासनाच्या आपत्ती निधीत, हा प्रश्न दरवर्षी ऑक्टोबरच्या आधी सुटला पाहिजे, कारण नोव्हेंबरमध्ये त्याच शाळेत दोन-तीनशे माणसे रात्र काढायला येऊ शकतात.